भाऊंचा दुसरा गिअर

आमच्या वॉर्डाचे भाऊ भाषणात कधीच अडखळत नाहीत. मोटारसायकलवर मात्र पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना दरवेळी अडखळतात. तिकीट हवं तर रॅलीत पुढं स्वतः गाडी चालवा, असं त्यांना वरून सांगण्यात आलं, तेव्हा शिकवायला मी तयार झालो. म्हटलं, त्यानिमित्तानं गल्लीच्या पाण्याचा विषय कानावर घालता येईल.

"भाऊ, क्लच हळू सोडा."

"सोडलाय की!" म्हणत ते तो असा सोडायचे, जणू मतदान झाल्यावर मतदाराचा हात. गाडी आचका देऊन बंद. चूक त्यांची कधीच नसायची. गिअर कडक, रस्ता खराब, नाहीतर शिकवणारा मी वयानं लहान. पाण्याचं काढलं की म्हणायचे, "आधी गाडी शिकू दे."

रॅली सात रस्ता चौकातून निघाली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी चढ लागला, भाऊंनी दुसरा गिअर टाकला आणि गाडी बंद पडली. समोर रिकाम्या घागरी घेतलेल्या बायका. भाऊंनी तत्काळ हात उंचावला.

"मी मुद्दाम हितं थांबलोय! माझ्या मायबहिणींना पाणी मिळाल्याबिगर हलणार न्हाय!"

टाळ्या पडल्या, मोबाइल वर झाले. आता टँकर मागवणं भागच होतं. पाण्यासाठी मी इतकी वर्षं काढलेल्या पत्रकांनी जे झालं नाही, ते तासाभरात झालं.

शेजारच्या मावशी भरली घागर कडेवर घेऊन माझ्यापाशी आल्या.

"त्यास्नी तूच शिकवतोस न्हवं?"

"व्हय."

"मग लई नीट शिकवू नगंस, बाबा. परवाची रॅलीबी हिकडनंच जाणार हाय."