डोलमावर राहिलेली शाल

टेकचंदने आयुष्यात कधी बायकोचं नाव घेतलेलं नव्हतं. हे मला कळलं २०१९ च्या उन्हाळ्यात, माझ्या भंडाऱ्याच्या ऑफिसात, कैलास परिक्रमेचा फॉर्म भरताना. वारसाच्या रकान्यापाशी पेन थांबलं. नाव सांगा म्हटलं तर गडी खिडकीबाहेर पाहू लागला आणि पिशवीतून रेशन कार्ड काढून त्याने माझ्यापुढे सरकवलं. साठीचा माणूस, पण कानापर्यंत लाजलेला. "हेमराजची माय," एवढंच म्हणाला. मी कार्डावरून उतरवून घेतलं, गोदावरी, आणि त्याची चेष्टा केली की बायको बर्फात हरवली तर हाक काय मारणार?

"थे कुठी येऊन राहिली," तो म्हणाला.

खरं म्हणजे जायचं तिलाच होतं. टेकचंद आंधळगावचा, कोशाचं रेशीम विणणारा. गोदावरीबाई कोसे उकळून मांडीवर धागा काढायच्या, तो मागावर बसायचा. चाळीस वर्षांच्या संसारात दोघांनी रामटेकच्या पलीकडे फारसं काही पाहिलं नव्हतं. कैलासाचा फोटो मागाच्या खोलीत लावला तो तिने. पण डॉक्टरने तिचं हृदय तपासून साफ नाही म्हटलं, तेव्हा तिने हट्टाने नवऱ्याला पाठवलं. सोबत एक कोशाची शाल दिली. धागा तिचा, वीण त्याची, आणि एक हिवाळाभर तिने स्वतः अंगावर घेतलेली. परिक्रमेच्या वाटेवर डोलमाच्या खिंडीआधी एक उतार लागतो. जुना जन्म टाकावा तसं यात्रेकरू तिथे अंगावरचं एखादं कापड सोडतात. माझी शाल तिथे ठेवा, म्हणजे माझीही अर्धी यात्रा होईल, असं तिचं म्हणणं होतं.

आता माझी चूक सांगतो. इतकी वर्षं मी लोकांना त्या डोंगराभोवती नेतो, आणि नियमाचा धाक घातल्याशिवाय आपली माणसं सरळ चालत नाहीत हे मला पक्कं ठाऊक आहे. परिक्रमा सुरू होते ती यमद्वारापासून. साधं, लहानसं दार आहे. त्यातून गेलं की मागे वळायचं नाही, कोणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. हा नियम मला माझ्या आधीच्यांनी सांगितला. कपड्याचा नियम मात्र माझ्या डोक्यातला. लोक अख्ख्या खानदानाचे कपडे गाठोड्यात बांधून आणायचे, त्या उताराचा उकिरडा व्हायचा आणि आमचा शेर्पा मला शिव्या घालायचा. म्हणून मी सांगू लागलो की फक्त आपलंच कापड सोडा. जो जिवंत आहे आणि इथे आलेला नाही, त्याचं सोडलंत तर तो इथेच अडकतो. लोक घाबरले, गाठोडी बंद झाली. मला माझ्या हुशारीचं मोठं कौतुक वाटायचं.

टेकचंदने ते ऐकलं खिंड चढायच्या आदल्या संध्याकाळी, डेरापुकच्या मुक्कामात. त्याचा चेहराच उतरला. त्याला बाजूला घेऊन खरं सांगायला हवं होतं, पण बाकीचे तेराजण बसले होते आणि मी सूप पीत गप्प राहिलो. याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी चढावर धुकं होतं. पुढच्या माणसाची पाठ दिसत नव्हती, दहा पावलांवर श्वास संपत होता. त्या उतारावर टेकचंद मटकन खाली बसला. शाल छातीशी धरून मुलासारखा रडला. बायकोला शब्द दिलेला, तो मोडवेना. शेवटी एका काळ्या दगडाखाली त्याने ती ठेवली. दगडाच्या मधोमध पांढरी रेघ होती. हे पाहायला जवळ मी एकटाच होतो.

दसऱ्याच्या सुमारास तो पुन्हा ऑफिसात आला, चप्पल न काढता सरळ आत.

"भैयाजी, तिले सारं मालूम आहे."

आपण रडलो हे त्याने घरी सांगितलं नव्हतं, दगडावरची रेघही नाही. तिने दोन्ही त्याला सांगितलं. खिंडीपलीकडे गौरीकुंडाचं बर्फ कोणत्या काठाला तडकलं होतं तेही सांगितलं, आणि ते त्या धुक्यात आमच्यापैकी कोणालाच दिसलेलं नव्हतं. मोबाइलवर पाहिलं असेल, मी म्हटलं. तो म्हणाला की तिचे हात थंड पडून राहिले, आता शेकोटीशीही गरम होत नाहीत.

मी आंधळगावला गेलो आणि त्याला खरं सांगून टाकलं. नियम बोगस आहे, मी केलेला आहे, कचऱ्यासाठी केलेला आहे. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमी केला असन," तो म्हणाला. "पण त्या पहाडानंबी ऐकला."

तेवढ्यात गोदावरीबाई चहा घेऊन आल्या. हसतमुख बाई, प्रवास कसा झाला विचारलं, आग्रहाने चिवडा वाढला. पातेल्यातल्या चहाला वाफ होती. त्यांनी ग्लास भरून माझ्या हातात दिला तेव्हा तो माठातल्या पाण्यासारखा गार होता. मी तो तसाच पिऊन टाकला आणि निघालो.

पुढच्या वर्षी जाऊन शाल परत आणू, असं ठरलं. पुढच्या वर्षी साथ आली, वाट बंद झाली आणि एकामागून एक पाच उन्हाळे गेले तरी उघडली नाही. शाल वर आणि बाई खाली. त्या पाच वर्षांत गोदावरीबाई चालत होत्या. त्यांचं म्हणणं तसं होतं. शालीच्या जागेपासून पुढे परिक्रमेची वाट, रोज थोडी थोडी. भाजी निवडता निवडता थांबायच्या, पाय चोळायच्या, आज नदी लागली म्हणायच्या. धागा काढणं सुटलं. मे महिन्यात अख्खा जिल्हा भाजून निघत असताना त्या घोंगडी घेऊन बसायच्या. हेमराज पुण्याहून येऊन दवाखान्यात नेऊन आला. रक्त कमी आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. मी ती वाट सतरा वेळा चाललो आहे, त्यामुळे दर भेटीत खोदून खोदून विचारायचो, कुठेतरी चुकतील म्हणून. त्या एकदाही चुकल्या नाहीत. टेकचंदला एकच भीती होती की फेरी संपल्यावर ही कुठे जाईल.

२०२५ मध्ये वाट उघडल्याची बातमी आली. पहिल्या तुकडीत माझं नाव घाला, असा टेकचंदचा निरोप आला. सहासष्टाव्या वर्षी तो त्या उंचीवरून परतला नसता. तसं सांगायला मी भर दुपारी गेलो. मागाच्या खोलीत गोदावरीबाई खाटेवर बसल्या होत्या, दाराकडे तोंड करून. आम्ही दोघं त्यांच्यासमोर खाली, दार आमच्या पाठीला. शाल आणतोच, असं टेकचंद म्हणाला. त्यांनी मान हलवली.

"राहू द्या थे शाल. मी फिरून यमद्वाराशी येऊन उभी आहो. आत गेली तं दुसरी फेरी लागन. मंग मी नाही येत."

"नोको जाऊ," टेकचंद म्हणाला.

"मागून लोकं रेटून राहिले. कोणी हाक मारली तं वळीन. पुण्य जाईन, जाऊ द्या."

हाकेचा नियम तर मी केलेला नव्हता. टेकचंदने हाक मारली, "हेमराजची माय." त्या हलल्या नाहीत.

"इथं साऱ्याच कोणाच्या ना कोणाच्या माय आहेत," त्या म्हणाल्या.

त्याने माझ्याकडे पाहिलं. अशा वेळीही तो लाजला होता. मग मान खाली घालून तो पुटपुटला, आणि दुसऱ्यांदा इतक्या मोठ्याने ओरडला की शेजारचा माग थांबला.

"गोदावरी."

ओ आली. आमच्या मागून, दाराबाहेरून, चालून धाप लागलेल्या बाईची. मी गोदावरीबाईंच्या तोंडाकडेच पाहत होतो, आणि त्यांचे ओठ मिटलेले होते. त्या आमच्या डोक्यावरून दाराकडे पाहत होत्या. मग खाटेवर थोडं सरकून त्यांनी कोणासाठी तरी जागा केली. माझ्या पाठीला बर्फाचा वारा लागला आणि गेला. आम्ही दोघांनीही मागे पाहिलं नाही.

बऱ्याच वेळाने टेकचंदने तिचा हात धरला. तिच्या हाताला घाम आला होता.

त्या आता पुन्हा धागा काढतात. त्या वर्षी मी तुकडी घेऊन गेलो. पांढऱ्या रेघेचा दगड जागेवर होता, खाली काही नव्हतं. नियम सांगणं मी सोडून दिलं आहे. टेकचंद आता दिवसातून वीस वेळा बायकोला नावाने हाक मारतो आणि म्हाताऱ्याला चळ लागला म्हणून गल्ली हसते. ओ स्वयंपाकघरातून येते, कधी विहिरीवरून. पण दर वेळी हाक मारल्यावर तो हातातलं काम थांबवतो आणि ती कोणत्या बाजूने येते ते आधी ऐकतो.