ओरेस्ते मास्तरांचा हातगुण

ओरेस्ते रामेल्ला कुठल्याही शाळेत मास्तर नव्हता. एकतीस वर्षं त्याने बिएल्लाच्या एका गिरणीत लोकर रंगवली, आणि पेन्शन सुरू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात एल्वो नदीच्या काठावर पाटी ठोकली: 'सोनं धुवायला शिका. दर रविवारी. नवशिक्यांनी यावे.' तेव्हापासून गाव त्याला मास्तर म्हणू लागलं. मी मात्र कधी म्हटलं नाही. लहानपणी शाळेत मी त्याच्या वर्गात होते, आणि सातच्या पाढ्याला त्याची कशी बोबडी वळायची ते मला ठाऊक आहे.

पुलाजवळचा बार माझा. कॉफी, वाइन, तंबाखू, बसची तिकिटं, सगळं मिळतं. माझ्या खिडकीतून नदीचं वळण सरळ दिसतं, त्यामुळे ओरेस्तेची शाळा मी अकरा वर्षं फुकटात शिकले.

विद्यार्थी तोरिनोचे आणि मिलानचे. दातांचे डॉक्टर, वकिलीणबाई, बँकेतून सुटलेले साहेब. घरी कपबशी न विसळणारी ही माणसं इथे पंधरा युरो मोजून थंडगार पाण्यात उकिडवी बसायची आणि दगड विसळायची. पायात कोरे करकरीत गमबूट, डोक्यावर कोरी टोपी. समोर ओरेस्ते, ढेरीवर ताणलेला चौकटीचा शर्ट आणि तोंडात अर्धा सिगार. "सोनं आळशी असतं," तो सांगायचा. "पाणी जिथे दमतं तिथे ते बसतं. मोठ्या दगडाच्या मागे खणा, वळणाच्या आतल्या अंगाला खणा." मग रेव चाळायची, परातीत घ्यायची, परात पाण्याखाली धरून हलवायची म्हणजे जड ते तळाला जातं. मग परात जराशी कलती करून वरची हलकी वाळू पाण्याबरोबर सोडून द्यायची. हळू, अगदी हळू. शेवटी काळ्या वाळूची एक शेपटी उरते, आणि असलंच तर सोनं तिच्यात असतं.

कोणीतरी लगेच हात वर करायचंच. तो अभ्रक असायचा. ओरेस्ते परातीवर आपल्या टोपीची सावली धरायचा, चमक विझायची, आणि साहेबांचं तोंड पडायचं. मग ओरेस्ते "बघू हं" म्हणत त्यांच्या परातीवर वाकायचा. सिगारची राख पाण्यात पडायची. तो ओशाळून फुंकर मारायचा, परातीला दोन हलके हिसके द्यायचा, आणि काळ्या वाळूत सुईच्या टोकाएवढा पिवळा कण उघडा पडायचा. सावलीतही पिवळाच.

अकरा वर्षांत एकही माणूस रिकाम्या हाताने परत गेला नाही. मास्तरांचा हातगुण, असं लोक म्हणायचे. तो कण विकला तर माझी एक कॉफी येणार नाही, पण वकिलीणबाईंच्या डोळ्यांत पाणी यायचं. मग सगळी मंडळी माझ्याकडे येऊन दोन-दोन बाटल्या रिचवायची आणि एकमेकांना आपापली काचेची कुपी दाखवायची. मी त्यांना तोमा चीजचे तुकडे वाढायचे आणि मनातल्या मनात हसायचे.

हसायचे, कारण मला माहीत होतं. ओरेस्तेला डॉक्टरांनी तंबाखू बंद केली होती. सोमवार ते शनिवार तो सिगार नुसता चघळायचा, पेटवायचा फक्त रविवारी. आणि एका शनिवारी मी बारच्या मागच्या खोलीत वाइनची पेटी आणायला गेले, तर हा भिंग लावून सुईच्या टोकाने सिगारमध्ये काहीतरी भरत बसलेला. मी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. ते कण त्याला कोणी आंदण दिले नव्हते. आठवडाभर तो एकटा वरच्या घळीत मांडीभर पाण्यात उभा राहायचा, आणि सहा दिवसांत दहा कण निघाले तर त्याची दिवाळी. रविवारी ते दहाही वाटून टाकायचा. असा उलटा चोर मी दुसरा पाहिला नाही.

मग आली नोएमी बोर्दिन. वेर्चेल्लीची औषधवाली, प्रत्येक गोष्ट तोलून मोजणारी. चार रविवार वर्ग केल्यावर ती दोन महिने, रविवार सोडून, त्याच वळणावर एकटी बसली. तिला एकही कण मिळाला नाही. वही उघडून तिने हे माझ्या बारमध्ये, भरल्या टेबलांसमोर वाचून दाखवलं, आणि शांतपणे विचारलं, "नदीला रविवार कळतो का हो, मास्तर?"

ओरेस्तेने सरळ सांगायला हवं होतं की बाई, तुझा हात अजून कच्चा आहे. खरं होतं ते. पण उथळ पाण्याला खळखळाट फार. ऑगस्टातल्या स्पर्धेत उतरून दाखवतो, म्हणाला. अकरा वर्षं स्पर्धेपासून लांब राहिलेला माणूस. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

स्पर्धा साधी असते. प्रत्येकाला वाळूची एक बादली, आत पंचांनी मोजून टाकलेले कण. आकडा पाकिटात बंद. लवकरात लवकर सगळे कण काढून कुपीत घालायचे, आणि जेवढे हरवाल तेवढी मिनिटं दंडाची. घरून सोनं आणणारा मात्र कायमचा बाहेर, आणि त्याची शिकवणीही बंद. पंच होते फेर्मो झानोने, निवृत्त पोस्टमास्तर, अजूनही प्रत्येक माणसाकडे तिकीट कमी लावल्यासारखं बघणारे.

दुपारी वर्ग होता, म्हणून ओरेस्तेच्या तोंडात भरलेला सिगार होता. घाबरून त्याने तो पेटवला. मी दोरीला टेकून उभी होते. खरं सांगते, असा हात मी पाहिला नाही. परात त्याच्या बोटांत आपोआप फिरत होती. बाकीचे अर्ध्या बादलीवर असताना हा शेवटच्या काळ्या शेपटीवर आला, आणि अकरा वर्षांच्या सवयीने "बघू हं" पुटपुटत वाकला. राख पडली. त्याने फुंकर मारली. त्याच्या लक्षातही आलं नाही.

तो पहिला आला. झानोनेंनी त्याची कुपी पांढऱ्या कागदावर उपडी केली, मोजली, पुन्हा मोजली, मग पाकीट फोडलं.

"आम्ही आठ टाकले होते," ते म्हणाले. "हे नऊ आहेत. सोन्याला पिल्लं होत नाहीत, रामेल्ला."

ओरेस्तेने हातातल्या सिगारकडे बघितलं, आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. मग त्याने सगळं ओकून टाकलं. सुई, सिगार, घळ, सगळं. स्पर्धेत मी फसवलं नाही, ही वर्गाची सवय नडली, म्हणाला. ऐकायला त्याचे चाळीसएक विद्यार्थी होते. मला वाटलं, आता याला नदीत बुडवतात.

एकानेही विश्वास ठेवला नाही.

"बाकीच्यांना दिले असतील," दातांचे डॉक्टर म्हणाले. "माझा मात्र मी स्वतः काढलाय."

वकिलीणबाईही तेच म्हणाल्या. बँकवाले साहेबही. आपली चोरी लपवायला हा माणूस आमच्या सोन्यावर चिखल उडवतो, असा एकच कल्ला झाला. "एवढं सोनं तू काढलंस? तू?" झानोने हसले. चोर ठरल्यापेक्षा ते हसणं ओरेस्तेला जास्त लागलं, हे मला कळलं.

फक्त नोएमीने वही उघडली. "कोणी पाहिलंय का हे?" तिने विचारलं.

ओरेस्तेने माझ्याकडे बघितलं. "देल्फिना, तू सांग."

इथे मला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी इतका वेळ टाळली. सहा वर्षांपूर्वी मार्चमध्ये माझा नवरा एत्तोरे गेला. मे महिन्यात ओरेस्तेने मला गल्ल्यावरून उठवून नदीवर नेलं आणि हातात परात दिली. पहिल्याच परातीत कण निघाला. एत्तोरेने पाठवला, असं मला वाटलं. मी वेडी नाही, पण वाटलं. तो कण काचेच्या थेंबात घालून मी गळ्यात घातला, आणि तेव्हापासून मला झोप लागू लागली.

ओरेस्तेचं खरं, तर माझा कण राखेतला.

"मला काय माहीत?" मी म्हटलं. "मी बार चालवते. नदीकडे बघायला वेळ कुणाला आहे?"

त्याचं नाव काढून टाकलं, पाटीही उपटली. आता रविवारी नोएमी शिकवते, अगदी प्रामाणिकपणे. कोणाला काही सापडत नाही, आणि लोक माझ्याकडे न थांबताच घरी जातात.

स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळी ओरेस्ते आला, नेहमीच्या जागी बसला. मी खाली मान घालून कॉफी ठेवली. त्याने माझ्या गळ्यातल्या काचेच्या थेंबाकडे बघितलं.

"तुझा मात्र खरा होता हं, देल्फिना," तो म्हणाला. "त्या दिवशी सिगार घरी विसरलो होतो मी."

त्या दिवशी नदीवर वारा होता. त्याचा सिगार पेटेना, म्हणून हाताचा आडोसा करून काडी मीच ओढून दिली होती.

"ठाऊक आहे मला," मी म्हटलं.