निरोगी भावाचा फोटो

पडदा वर जातो तो नांदेडात, एमआरआय सेंटरच्या गार बाकावर. डावीकडे अबुजर सर. लातूरच्या ट्यूशन एरियात त्यांच्या फिजिक्सला पोरं जिन्यावरसुद्धा बसतात. उजवीकडे त्यांचे थोरले बंधू हनीफभाई, त्याच पोरांचे युनिफॉर्म शिवणारे टेलर.

अबुजरला बायपोलरचा आजार. मन चढणीला लागलं की झोप नाही, भूक नाही, नुसतं शिकवणं. उतरलं की महिना महिना भिंतीकडे तोंड. आणि हनीफभाईंना? त्यांना काहीच नव्हतं, हेच त्यांचं दुखणं. चढणीत भावाला लोकांचे हार, उतरणीत अम्मीच्या हातचा घास. भूकंपात तर अबुजर किल्लारीकडे धावला, झोपेवाचून ढिगारे उपसत राहिला. परतल्यावर गल्लीनं त्याला खांद्यावर घेतलं. हनीफभाई शिलाई मशीनवर बसूनच राहिले. त्यांना चहासुद्धा कुणी विचारला नाही.

पण यंदा या आजारावर संशोधन करणाऱ्या डॉक्टर बबिता मॅडमनी त्यांनाच गाठलं. "मेंदूचे भाग जोडणारे पांढरे तंतू असतात. या आजारात ते कसे वेगळे दिसतात, ते बघायचंय. एका फोटोवरून काही ठरत नाही. आजारी आणि निरोगी भावंडं, अशा पुष्कळ जोड्या लागतात. तुमच्याशिवाय यांचा फोटो आमच्या कामाचा नाही."

तुमच्याशिवाय! हनीफभाई नवा कुर्ता शिवून आले.

मशीनवाल्यानं विचारलं, "चाचा, आत मोठं चुंबक आहे. अंगात कुठं लोखंड? छर्रा, तुकडा?"

"काही न्हाई."

"भाई," अबुजर म्हणाला, "डाव्या अंगठ्यात सुईचं टोक हाय की."

"गप बैस! कवाच निघालं ते."

"कुठं निघालं? थंडीत अजून चोळता तुम्ही."

एक्सरे काढला. टोक होतंच. मॅडम हळहळल्या, संशोधनात अशी जोखीम घेत नाहीत, यांच्याऐवजी तुमच्या बहिणीला बोलवू म्हणाल्या.

हनीफभाई ताडकन उठून व्हरांड्यात आले. अबुजर मागोमाग.

"एवढं एक माझं होतं, तेबी तुला बघवलं न्हाई?"

"आत तुम्हाला काही झालं असतं म्हंजे?" अबुजर त्यांच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. "भूकंपाचे तंबू शिवत होता तुम्ही. जाड कापडात सुई मोडली. रक्त पुसलं, पुन्हा पायडल मारलं. गळ्यात हार घेऊन मी दारात उभा होतो, भाई. समदं बघितलं."

हनीफभाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग तोंड फिरवून ते म्हणाले,

"मग तवाच अम्मीला का न्हाई सांगितलंस रे?"