लादीवरून काढलेले फोटो

तेव्हा तिथं कोण कोण होतं ते आधी सांगते. उद्या कोणी म्हणायला नको की म्हातारी बरळते.

मिलिंद सर होते, ज्यांच्या फोटोंचं प्रदर्शन म्हणून कार्ड छापलं होतं. त्यांची बायको अनुजा मॅडम. त्यांच्याच बिल्डिंगीतले, सातव्या मजल्यावरचे शहाकाका. चौथ्या मजल्यावरच्या नीलाताई, रिटायर टीचर. जाड काळ्या चष्म्याचा एक पाहुणा, त्याच्यापुढं सगळे वाकत होते. बाकी पंचवीसेक माणसं, ती मला माहीत नाहीत. आणि मी. हातात समोशांचा ट्रे.

मुलुंडचा हॉल. मॅडमचा आदल्या दिवशी फोन आला होता. "सकाळी हॉलची लादी पुसून घे, संध्याकाळी जरा ट्रे फिरव. साडी बरी नेस." सकाळी पुसली तेव्हा भिंतीवरच्या फ्रेमा कापडानं झाकलेल्या होत्या. संध्याकाळी कापडं काढली. मी समोसे घेऊन पहिल्या फ्रेमसमोर आले आणि थांबले.

माझा फोटो. म्हणजे मी त्यात नव्हते. मी काढलेला.

बाजूची फ्रेम बघितली. ती पण माझी. खाली सरांचं नाव. तेवढं मला वाचता येतं.

"सर," मी म्हटलं, "हे फोटो माझे आहेत."

सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि पाहुण्याला म्हणाले, "आमच्या मावशी. बटन यांनी दाबलंय कधीकधी, खरंय. पण बघितलं मी." मग माझ्याकडे वळून, "मावशी, समोसे गार होतायत."

लोक हसले. टीचर हसल्या. मी पण हसले. त्या माझ्या हसण्याची मला आजही शिसारी येते. इतक्या वर्षांची सवय. तोंड आपोआप हसतं.

आता कोणी काय बघितलं ते सांगते.

मी चौथीपर्यंत शिकले, गावाला, कणकवलीकडं. नवरा गिरणीत होता. गिरणी गेली, मग तो गेला. घाटकोपरला डोंगरावर माझी खोली. तिथून मुलुंडला येऊन एका बिल्डिंगीत पाच घरांची लादी पुसायची. बसून, फडक्यानं. दांड्याचा पोछा मला चालत नाही, कोपरे तसेच राहतात.

बसून पुसताना घर वेगळं दिसतं. माणसाचं तोंड दिसत नाही, पाय दिसतात. आणि पाची घरांत एकच रीत. मी सोफ्याजवळ सरकले की पाय वर. बोलणं थांबत नाही. टीव्हीवरची नजर हलत नाही. नुसते पाय उचलले जातात. मी खालून फडकं फिरवते, पुढं जाते, पाय खाली. 'आलीस का' नाही, 'बरी आहेस का' नाही. पंख्याशी कोणी बोलतं का?

ओली लादी चकाकते. तिच्यात तेच पाय उलटे दिसतात. वर दोन, खाली दोन. हे मला कितीतरी वर्षं दिसत होतं. सांगणार कोणाला?

सरांनी एकदा कपाट आवरताना जुना छोटा कॅमेरा दिला. "घ्या मावशी, नातवंडांना खेळायला." मला नातवंडं नाहीत. मीच खेळले.

कॅमेरा बादलीच्या आड. हात पदराला पुसायचा. पाय वर गेले की दाबायचं. आवाज टीव्हीत जायचा. सुरवातीला नुसती बादलीच यायची. मग कळलं, हातात धरायचा नाही, लादीला टेकवायचा. मग कळलं, शहाकाकांकडं दहाला ऊन आत येतं, टीचरकडं अकरानंतर. मी कामाच्या वेळा उजेडावर लावल्या. टीचर ओरडायच्या, "रोज उशीर कसा गं होतो तुला?" ह्याला बटन दाबणं म्हणतात?

एक फोटो मला घरात लावायचा होता. कागदावर काढून द्याल का, म्हणून सरांकडं गेले. त्यांनी कॅमेऱ्यातली चिप कॉम्प्युटरला लावली. खूप वेळ बघत बसले. मान वर न करता म्हणाले, "दोन दिवस राहू द्या माझ्याकडे." गणपती झाले. दिवाळी झाली. विचारलं की, "हो हो मावशी, लक्षात आहे." होतंच लक्षात. लोकांच्या सोफ्याखाली मला सोन्याची कुडी सापडली तरी मी परत दिलीय. मला वाटायचं, सगळेच परत देतात.

तर मी हसले आणि ट्रे घेऊन पुढं गेले.

शहाकाका स्वतःच्या पायांसमोर उभे राहून समोसा खात होते. पांढरे मोजे, अंगठ्याशी काळ्या दोऱ्यानं शिवलेले. "क्या बात है," म्हणाले. ओळखलं नाही. टीचर आपल्या सुजलेल्या घोट्यांसमोरून निघून गेल्या. ओळखलं नाही. आपले पाय त्यांनी खालून कधी बघितलेच नव्हते.

शेवटची फ्रेम सगळ्यात मोठी. तिथं पाहुणा विचारत होता, "ही नजर कुठून आली तुम्हाला?"

सर म्हणाले, "महिनाभर जमिनीवर झोपून काम केलं मी."

मी त्या फ्रेमकडं बघितलं. ते पाय सरांचे होते.

डाव्या अंगठ्याचं नख अर्धं. दारात चेचलं होतं, हळद मीच लावली होती. दोन्ही पाय वर. मांडीवर पेपर, पेपर धरलेले दोन्ही हात, बोटात चौकोनी खड्याची अंगठी. तीच अंगठी आत्ता माझ्यासमोर ग्लास धरून होती.

मी ट्रे खाली ठेवला.

"सर, डाव्या पायातला बूट काढा."

"काय चाललंय मावशी?"

"काढा बूट."

मॅडम धावत आल्या. "वेड लागलंय का तुला? चल, आत चल." माझा दंड धरला. तेव्हा गावची बोली तोंडात आली. मी आणली नाही, आली.

"सायबानू, हे पाय तुमचेच मा? दोनय पाय वर, दोनय हातात पेपर. मगे फोटो कोणी काढल्यान? तुमच्या बापाशीन?"

कोणी हसलं नाही. पाहुण्यानं फ्रेम बघितली. मग सरांचं बोट बघितलं. पुन्हा फ्रेम.

मी थांबले नाही. एकेका फ्रेमपाशी गेले. "शहाकाका, हे मोजे बघा. आज पण सँडलमध्ये तेच घातलेत. तेव्हा तुम्ही फोनवर पोराला शिव्या घालत होतात. टीचर, हे तुमचे घोटे. आणि लादी ओली दिसतेय ना? कोणी पुसली ते विचारा सरांना."

शहाकाकांनी खाली बघितलं. समोसा हातात तसाच.

मॅडम ओरडल्या, "आमच्या घरात चोरून फोटो काढलेस तू! पोलिसात देईन."

"द्या. विचारलं नाही, ते माझं चुकलंच. पण चोरीचा माल फ्रेम करून भिंतीवर कोणी लावला?"

सरांनी डावा पाय हळूच उजव्यामागं घेतला. सगळ्यांनी बघितलं. मला वाटलं, एवढं पुरेल. नाही पुरलं.

दुसऱ्या दिवशी वॉचमननं गेटवर अडवलं. पाची घरं गेली. शहाकाकांनी जुन्या साड्या खाली पाठवल्या, घेतल्या नाहीत. आठवड्यानं मॅडमचा फोन. खाली बारीक अक्षरात आभार लिहू, पण तू हे लोकांना सांगणं थांबव.

"आभार नको. फोटो माझे म्हणून लिहा, नाहीतर चिप परत द्या."

मॅडम म्हणाल्या, "तुझं पूर्ण नाव काय गं?"

अठरा वर्षं त्या घरात कामाला होते. मी फोन ठेवला.

सरांनी ती मोठी फ्रेम तेवढी काढून टाकली. बाकीच्या आता अंधेरीला लागल्यात, खाली नाव तेच. मी तिथं जाते. आत सोडत नाहीत, तर दारात उभी राहते आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. सर दिसले की त्यांच्या पायांकडं बघत राहते. ते मागच्या दारानं जातात. जाऊ देत. जिथं जिथं लावतील तिथं मी असणार, गुडघे चालतील तोवर. माफी त्यांनी मागितलेली नाही. मागितली तरी मिळणार नाही.

काम मला दोन घरांत मिळालंय. फोनमध्ये कॅमेरा आहे. आता विचारून काढते. "ताई, तुमच्या पायांचा फोटो काढू?" लोक बावचळतात. पाय पटकन खाली घेतात आणि मग पहिल्यांदा माझ्याकडं बघतात. तेव्हाचं तोंड मी काढते. हो म्हणाल्या तरच.

हे वाचणाऱ्याला एकच सांगणं आहे. कुठं भिंतीवर उचललेले पाय दिसले, खाली ओली लादी दिसली, तर नाव वाचून पुढं जाऊ नका. ज्याचं नाव आहे तो तिथंच असेल. त्याला विचारा, हा फोटो निघाला तेव्हा तू कुठं बसला होतास? आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.