सोळा हजारांची फ्रेम

सुदाम थेटेने ती फ्रेम माझ्या टेबलावर इतक्या जोरात ठेवली की पेपरवेट उडून थेट कॉलेज रोडवर पडला असता. खिडकी बंद होती म्हणून एखादा स्कूटरवाला वाचला. फ्रेमला सोनेरी काठ, वर झेंडूचा वाळलेला हार. आत देव नव्हता, एका फायनान्स कंपनीचं पत्र होतं.

"घ्या पुरावा," सुदाम म्हणाला. "टेम्पोचं कर्ज मिटलंय. भिंतीवरून काढून आणलाय."

मी तेव्हा एका गृहकर्ज कंपनीत लोन ऑफिसर होतो. दोन हजार सालानंतरची गोष्ट. त्याआधी माणूस कसा आहे हे कळायला आम्ही त्याच्या गल्लीतल्या किराणावाल्याकडे चहा प्यायचो. आता क्रेडिट रिपोर्ट नावाची नवी चीज आली होती. नाव टाकलं की कोणी कुठून कर्ज घेतलं आणि कसं फेडलं, सगळं कागदावर. किराणावाल्याचा चहा बंद झाला. सुदामच्या रिपोर्टमध्ये टेम्पोच्या कर्जापुढे एकच शब्द होता. सेटल्ड.

सुदामचा पंचवटीत भाजीचा धंदा. मखमलाबादच्या मळ्यांतून मेथी-कोथिंबीर टेम्पोत भरून आणायची आणि विकायची. मध्ये टेम्पोचं इंजिन बसलं, हप्ते थकले, थकबाकी एक्केचाळीस हजारांवर गेली. कंपनीने बोलावलं. सुदाम गेला आणि त्याने तेच केलं जे तो रोज करतो. भाव पाडला. पंचवीस हजारांत मिटवा म्हणाला. तीन तास बसला. तीनदा उठून जिन्यापर्यंत गेला आणि तीनदा त्याला मागे बोलावलं. त्याच्या सांगण्याप्रमाणे शेवटी वसुली अधिकारी बोरसे रुमालाने डोळे पुसत होते. पंचवीस हजारांत खातं बंद झालं, गल्लीत पेढे वाटले गेले आणि पत्राला फ्रेम बसली.

मी त्याला समजावलं. सेटल्ड म्हणजे फिटलं नाही. म्हणजे देणाऱ्याने दमून मिळेल ते घेतलं आणि सोळा हजारांवर पाणी सोडलं. आता दुसरा कोणी कर्ज देताना हाच विचार करणार की हा गडी आपल्यालाही जिन्यापर्यंत जाऊन दाखवेल.

सुदामने फ्रेम उचलून हातात घेतली. "म्हणजे मी पेढे कशाचे वाटले?"

आमचे मॅनेजर पिंगळे साहेब फाइलवर लाल शेरा मारून मोकळे झाले. नामंजूर. पिंगळे साहेबांची लाल शाई महिन्याला बादलीभर लागायची.

खरी अडचण पुढेच होती. मखमलाबाद रोडला एका रो-हाउसचं सुदामने बुकिंग केलं होतं. एक्कावन्न हजार टोकन देऊन बसला होता. बिल्डरने गुढीपाडव्यापर्यंत मुदत दिली होती. तोवर कर्ज मंजूर झालं नाही तर घर दुसऱ्याला आणि टोकन बिल्डरला. त्यात सुदामची बायको मंदाताई. तिने त्या अर्धवट बांधकामाच्या मागच्या अंगणात कढीपत्ता लावून टाकला होता. रोज सकाळी दोन बस बदलून ती त्याला पाणी घालायला जायची. स्लॅबला कॉन्ट्रॅक्टरने जितकं पाणी मारलं नसेल तितकं तिने त्या रोपाला घातलं.

"भाऊ," ती मला म्हणाली, "झाड आता धरलंय. उपटून नेता येणार नाय. काय ते सांगा."

मी सांगितलं. माफ करून घेतलेले सोळा हजार जाऊन भरा, पूर्ण फेडीचं पत्र घ्या, आणि रेकॉर्ड सुधारायला लावा. मग एक छोटं कर्ज काढून त्याचे हप्ते वेळच्या वेळी भरा, म्हणजे रिपोर्टमध्ये चार चांगल्या ओळी येतील. एक ताकीदही दिली. या वेळी कंपनीने एक रुपया जरी सोडला तरी पुन्हा तोच शब्द छापला जाईल.

सुदाम पैसे घेऊन गेला आणि तसाच परत आला. कोणी घेईना. खातं बंद, कॉम्प्युटरमध्ये पैसे टाकायला जागाच नाही म्हणे. दुसऱ्यांदा गेला, तेव्हा बोरसे साहेब मीटिंगमध्ये. तिसऱ्यांदा गेला, तेव्हा वॉचमनने खालूनच सांगितलं की साहेब नाशिकमध्येच नाहीत. साहेबांची स्कूटर मात्र त्याच्या शेजारी उभी होती. माझ्या सगळ्या नोकरीत कर्जदार लपलेले मी हजारोंनी पाहिले. वसुलीवाला लपलेला हा एकच.

चौथ्यांदा मी सोबत गेलो. मंदाताईही आली. जिन्यातच तिने नवऱ्याला बजावलं की आत तोंड उघडायचं नाही. बोरसेंनी सुदामला पाहिलं आणि कपाटाच्या दिशेने जी नजर टाकली, त्यावरून ते आत शिरून कडी लावणार असं मला वाटलं. मी माझं कार्ड पुढे केलं, काम सांगितलं. हा माणूस पैसे कमी करायला नाही, द्यायला आलाय, हे पटवायला मला एक चहा आणि अर्धा तास लागला.

बोरसेंनी वरच्या ऑफिसला फोन लावला. खातं पुन्हा उघडायची परवानगी मिळाली. त्यांनी कॅल्क्युलेटर बडवला. सोळा हजार, वर चार्जेस, एकूण अठरा हजार चारशे.

सुदामच्या मानेची शीर सुतळीएवढी फुगली. मंदाताईने चपलेसकट पाय त्याच्या पायावर दाबला. आणि नेमकं तेव्हा बोरसेंना माया आली.

"तुम्ही आपण होऊन आलात," ते म्हणाले. "चार्जेस सोडतो. सोळाच द्या."

आयुष्यभर ज्या वाक्यासाठी सुदाम जिन्यापर्यंत जात आला होता, ते वाक्य आज कोणी न मागता त्याच्या ओंजळीत टाकत होतं. मंदाताईने पाय उचलला. आता ज्याचं त्याने बोलायचं होतं.

"नको," सुदाम म्हणाला. "अठरा चारशे घ्या."

"अहो, सतरा करू."

"अठरा चारशे."

"बरं, साडेसतरा. तुमचंही राहू दे, माझंही."

सुदाम उठला आणि सवयीने जिन्याकडे चालू लागला. बोरसे ओरडले, "थांबा थेटे, या. अठरा चारशेच घेतो." एवढा चढा सौदा अख्ख्या नाशिकच्या बाजारात कुणी केला नसेल. पावती घेताना सुदामने पूर्ण रक्कम मिळाली असं बोरसेंकडून दोनदा लिहून घेतलं.

मग त्याने हप्त्याने एक फ्रिज घेतला. हप्ता पाच तारखेचा, हा एक तारखेला भरायचा आणि पावती मला दाखवायला यायचा. पाच हप्त्यांनंतर मी नवा रिपोर्ट मागवला. टेम्पोच्या ओळीत पूर्ण फेड. फ्रिजच्या ओळीत एकही दिवस उशीर नाही. पिंगळे साहेबांनी कागद उलटापालटा करून बघितला आणि निळं पेन शोधायला लागले. त्यांच्याकडे निळं पेन नव्हतंच. माझं दिलं. पाडव्याला सहा दिवस बाकी होते.

वास्तुशांतीला मी गेलो. कढीत त्याच झाडाचा कढीपत्ता होता. फ्रेम तीच, आत बोरसेंचं नवं पत्र. सोळा हजार वाचवायला सुदामला अठरा हजार चारशे, सगळा हिवाळा आणि मंदाताईच्या चपलेचा एक घाव लागला. फ्रेमचे सव्वाशे वेगळे.

मी रिटायर झालो तरी भाजी त्याच्याचकडून घेतो. परवा मेथीची जुडी पंधराची सांगितली. मी सहज म्हटलं, दहाला दे की, घरचं गिऱ्हाईक आहे.

"पंधराच द्या साहेब," तो म्हणाला. "तुमचं रेकॉर्ड खराब झालेलं मला चालायचं नाय."

दिले.