बाजेवाल्यांची पंगत
चिंचेने घासलेल्या पितळेचा आंबूस वास आला की मला तिरोड्यातला बहिणीच्या लग्नाचा मांडव आठवतो. इंग्रज अजून गेले नव्हते. मी मुंबईच्या एका हॉटेलात जॅझच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवत होतो, आणि रागावर बांधलेल्या माझ्या एका रचनेला नुकतंच सुवर्णपदक मिळालं होतं. मांडवाबाहेर लग्नातले बाजेवाले आपली वाद्यं घासत बसले होते. पंगत बसायच्या वेळी मी पदक वडिलांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंपालटं करून पाहिलं. "हे पोंगा फुकून भेटलं?" मी हो म्हणालो. "मंग त्यायच्यातच बस. घरच्यायच्या पंगतीत कायले येऊन राहिला?" हळद लागलेली बहीण मधे पडली, "बाबूजी, माहा भाऊ हाय तो." "भाऊ नाही, बाजेवाला हाय," ते सगळ्या पाहुण्यांदेखत म्हणाले. मी बाहेर गेलो. बँडमास्तरने सरकून जागा केली, "बैठिये, भैया." आम्हाला सगळ्यांत शेवटी वाढलं, पत्रावळीवरचा भात गार झाला होता. पुढे शास्त्रीय आणि जॅझ, दोन्हींतल्या रचनांसाठी माझे पुष्कळ सत्कार झाले. वडील एकालाही आले नाहीत, आणि मीही त्यांना कधी बोलावलं नाही.