बांधावरची येडी छत्री

पुणतांब्याला आमच्या शेताच्या बांधावर पावसाळ्यात अळंबीसारखी एक छत्री उगवते. पिवळट टोपी, देठ मोडला की निळा पडतो. गाव तिला येडी छत्री म्हणतं. आमच्या सालगड्यानं एकदा चुकून तिची भाजी खाल्ली आणि दिवसभर विहिरीवरच्या मोटरीशी गप्पा मारत हसत बसला.

तिच्या जन्माची कथा गावाला पाठ होती. माझा चुलता साप चावून त्याच बांधावर निळा पडून मेला, विष जमिनीत मुरलं आणि चुलतीच्या तळतळाटानं ते दर वर्षी वर येतं. चुलतीच्या हातचं पाणीसुद्धा कुणी घेत नसे. बांधाच्या पलीकडचं एक एकर तिचं, अलीकडचं माझ्या वडिलांचं.

मी संगमनेरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. चुलतीची विटंबना मला थांबवायची होती. खरं सांगायचं तर शहाणपणही मिरवायचं होतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना खोदून खोदून विचारलं. चुलता सापानंच गेला, पण दवाखान्याच्या वाटेवर. छत्री आली त्याच्या दोन वर्षांनी, वडिलांनी म्हशीच्या शेणखताचे टेम्पो आणून बांधाला ढीग लावले तेव्हा. ती शेणावरच वाढते. निळेपणा हवा लागल्यावर येतो. बस, एवढंच.

एका सकाळी डेअरीवर दूध घालायला आलेल्या सगळ्यांसमोर मी छत्री मोडून दाखवली. सगळ्यांत लक्ष देऊन ऐकत होते ते वडील. मला केवढा अभिमान वाटला!

"म्हंजी शापबिप काय न्हाई?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले.

आठ दिवसांत त्यांनी ट्रॅक्टर घालून बांध कोरला. पाच पावलं आत, चुलतीच्या रानात.

मी धावत तिच्याकडे गेले. ती रडत नव्हती. "त्या छत्रीला भिऊन तुजा बाप इतकी वर्सं बांधाला हात लावत नव्हता," ती म्हणाली. "ती गोष्ट म्याच उठवली हुती, पोरी. पानी कुनी घेत नव्हतं, पन जमीन तर ऱ्हायली हुती."

वडिलांशी कडाकडा भांडले. "तूच म्हनलीस ना काय न्हाई म्हनून?" म्हणत ते हसले. पुढच्या वर्षी आणखी पाच पावलं गेली.

चुलती आता माझ्या हातचं पाणी घेत नाही. वडील मात्र मला संगमनेरला न चुकता गव्हाचं पोतं पाठवतात. तिच्या रानातले दाणे त्यात असणारच. मी गहू निवडते, दळून आणते. चपात्या मऊ होतात.